घाटघरची आणि निमगावची

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका दुकानात मी एका पर्शियन मांजरीचं तोंड उघडून दात बघितले.

म्हणजे बघायला गेलो. वरचा ओठ अंगठ्यानं उचलला, खालचा जबडा दोन बोटांत धरला आणि पुढचं मला नीट सांगता येणार नाही. कारण तेवढ्यात तिनं माझ्या नाकावरून पंजा ओढला आणि मी मागच्या काचेच्या टाकीवर जाऊन आदळलो. टाकीतले मासे सगळे एका कोपऱ्यात गोळा झाले. दुकानातली मुलगी धावत आली.

"काका, काय करताय?"

"दात बघत होतो."

"कशाला?"

"वय कळतं."

"वय लिहिलंय ना इथं," असं म्हणत तिनं पिंजऱ्याला अडकवलेला कागद दाखवला. वय चार महिने. खाली आईबापांची नावं, टोचलेल्या लसी, काय खाते, काय खात नाही. माझं लग्न ठरताना सासरच्यांना माझ्याबद्दल एवढी माहिती मिळाली नव्हती.

माझी मुलगी इतका वेळ शेजारी उभी होती. आता ती चार पावलं लांब जाऊन त्या माशांकडे बघत होती, हे गृहस्थ कोण आपल्याला ठाऊक नाही, अशा चेहऱ्यानं. पुण्यात नोकरी लागल्यापासून तिनं मनावर घेतलंय, की नारायणगावच्या घरात आई-बाबा दोघंच असतात, तिथं एक मांजर पाहिजे. पर्शियन की सयामी, एवढाच काय तो प्रश्न. फोनवर तिनं मला तक्ताही पाठवला होता. केस किती गळतात, आवाज किती करते, मांडीवर बसते का, एकटी राहते का. एकीकडे पर्शियन, दुसरीकडे सयामी, मध्ये रेघ. मी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि मग म्हणालो, कागदावरून जनावर कळत नाही, चल, प्रत्यक्ष बघू. त्याचं फळ नाकावर घेऊन आम्ही गाडीत बसलो.

चाकण मागं टाकेपर्यंत ती फोनवर तो तक्ताच वरखाली करत होती. मग म्हणाली, "बाबा, मांजराचे दात कोण बघतं?"

"आबा बघायचे."

"ते घाटघरच्या मांजरीवाले?"

"ते."

"ते बघायचे तेव्हा मांजर ओरबाडायची नाही?"

खरंच नाही ओरबाडायची. आबांच्या हातात मांजर गेली, की तपासणीला आलेल्या पेशंटसारखी आपणहून तोंड उघडायची. हे मी इतक्या वेळा बघितलं होतं, की ती करामत दाताची नसून हाताची आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आबा आमचे घरमालक. नारायणगावात, हायवेवरून आत वळणाऱ्या एका बोळात त्यांच्या चार खोल्या होत्या. दोन खोल्यांत ते आणि त्यांची सात मांजरं, दोन खोल्यांत आम्ही. माझं लग्न नुकतंच झालेलं, मी एका खत-बियाणांच्या दुकानात कामाला. आबा सत्तरीच्या पुढचे. बायको कधीच गेलेली, मुलगा लांब कुठं तरी नोकरीला. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल आणि बसायला टोमॅटोचं पालथं घातलेलं क्रेट. त्या क्रेटवर ते सकाळपासून दारात बसलेले असायचे. बोळातून जाणाऱ्या प्रत्येकाची चाल बघायचे. माझ्या चालीबद्दल त्यांचं मत पहिल्याच दिवशी झालं होतं. "पावणं, तुमी उजव्या अंगाला झुकताय. लहानपणी पडला व्हता का?" मी पडलो नव्हतो. पण तेव्हापासून आरशासमोरून जाताना मी डावीकडे झुकतो.

मी त्यांच्याकडे चार वर्षं भाड्यानं राहिलो आणि चारही वर्षं ते मला 'पावणं'च म्हणाले.

उभं आयुष्य त्यांनी बैलांची दलाली केली होती. बेल्ह्याच्या बाजारात म्हणे आबा बैलाकडे पाठ करून उभे राहायचे आणि नुसत्या खुरांच्या आवाजावरून सांगायचे, मागचा डावा कच्चा आहे. खरंखोटं त्या बैलांना ठाऊक. पुढं गावोगाव ट्रॅक्टर आले, बाजारात बैलांपेक्षा दलाल जास्त दिसायला लागले, तसे आबा घरी बसले. पण जनावर पारखायची नजर काही घरी बसेना. नजरेसमोरून दिवसभर जायची ती मांजरं. मग चाळीस वर्षांची सगळी विद्या त्यांनी मांजरांवर लावली.

मांजरांना त्यांनी नावं ठेवली नव्हती. मांजर ज्या गावची, त्या गावाच्या नावानंच तिला हाक. "ए ओतूर, उतर खाली!" "आळेफाटा कुटं गेलं सकाळधरनं?" "आमचं बेल्हं व्यालंय, चार हायेत." आम्हाला सवय झाली होती, पण नवख्या माणसाची पंचाईत व्हायची. एकदा माझ्या मावसभावाचे सासरे आले होते, ओतूरचे. बायकोनं त्यांच्यापुढं लाडू ठेवले. तेवढ्यात भिंतीपलीकडून आबांचा खणखणीत आवाज आला, "ह्या ओतूरला कितीबी घाला, लाज म्हणून न्हाई. पोट भरलं तरी खातंयच!" सासऱ्यांनी हातातला दुसरा लाडू हळूच ताटलीत परत ठेवला.

आबांच्या मते आपल्या मुलखात मांजराच्या जाती दोनच. एक घाटातली आणि एक बागायती. बाकीची सगळी सरमिसळ. घाटातली म्हणजे तिकडं घाटघरच्या अंगाची. पावसात, धुक्यात, चुलीच्या उबेला वाढलेली. अंगावर राखाडी पट्टे, पाय लांब, कान मोठे, केस दाट. बोलावून येणार नाही, हाकलून जाणार नाही. बागायती म्हणजे निमगाव साव्याकडची. पाण्याखालचं रान, गोठ्यात जर्सी गाया, धार काढताना सांडलेल्या दुधावर वाढलेली. तोंड वाटोळं, अंग मऊ, दिसेल त्या पायाला घासणार. "घाटातली घर राखती, बागायती माणूस राखती," असं ते म्हणायचे आणि लगेच पुढं म्हणायचे, "पर कुणाच्या घरी काय राखाया पायजे, ते आदी बघावं लागतंय."

ते बघणं म्हणजे एक प्रकरणच होतं. आबांकडे मांजर मागायला आलेल्या माणसाला ते नुसते 'बघू' म्हणायचे. मग दोनतीन दिवसांनी, भर दुपारी, न सांगता त्याच्या घरी जाऊन उभे राहायचे. दुपारीच का? "सकाळी समदीच घरं चांगली दिसत्यात, पावणं." चूल बघायची, मोरी बघायची, माळ्यावर डोकावायचं, घरातलं माणूस उठताना कसं उठतं ते बघायचं. आमच्या आळीतल्या डॉक्टरांना त्यांनी मांजर दिलं नाही. "समदं घर फिनेलनं पुसलेलं. मांजरानं हुंगावं काय?" एका मास्तरांना दिलं नाही, कारण त्यांनी गुळगुळीत फरशी बसवली होती. आणि न्हाव्याला घर न बघताच दिलं. का, तर त्याच्या हाताला घाई नाही.

मांजराची परीक्षा वेगळी. अंगणात पाणी शिंपडून ते मांजराला कोरड्या फरशीवर चालवायचे आणि मग उकिडवे बसून पावलांचे ठसे बघायचे. मी एकदा विचारलं, "आबा, मांजराला काय औताला जुंपायचंय?" त्यांनी माझ्याकडे वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "तुमी दुकानात बी इकता, ते उगवल्यावर खाणार का तुमी? न्हाई ना? तरी बघताच ना उगवण."

याच घरात राहत असताना, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, आमचं पहिलं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं.

यावर मला फार लिहिता येत नाही. बायको दवाखान्यातून घरी आली आणि आतल्या खोलीत, खिडकीखाली भिंतीला टेकून बसली. रडायची नाही. विचारलं तर 'हो' किंवा 'नाही'. स्वयंपाक करायची तो हात आपोआप चालतात तसा. सासूबाई मंचरहून दोनदा येऊन गेल्या. "चार महिने तिकडं पाठवा, माणसांत राहील," म्हणाल्या. मी म्हणालो, "तिला विचारा." ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. दुकानात मी दिवसभर शेतकऱ्यांना टोमॅटोच्या करप्यावर भाषणं द्यायचो आणि घरी आलो, की मला एक वाक्य सुचायचं नाही. म्हणून मी वस्तू आणायचो. रेडिओ आणला. मिक्सर आणला. एकदा तर भिंतीवरचं घड्याळ आणलं, घरात एक चालू असताना. ती एकदा मंचरला गेली, की परत यायची नाही, अशी मला धास्ती होती. ती मी कुणाला सांगितली नाही. तिला तर नाहीच.

मिक्सर झाला, घड्याळ झालं. मग मांजर सुचली.

"आबा, एखादं मांजर मिळेल का?" मी एका संध्याकाळी विचारलं.

ते 'बघू' म्हणाले. दोन दिवसांनी दुपारी येऊन गेले असावेत, कारण रात्री जेवताना बायको आपणहून म्हणाली, "आबा माळ्यावर चढले होते." त्या आठवड्यातलं ते तिचं सगळ्यात लांब वाक्य.

तिसऱ्या दिवशी मी कामावर निघालो, तर आबांनी दारातच अडवलं. खांद्यावरचा टॉवेल काढला, माझ्या उजव्या हातावर टाकला आणि त्याखाली हात घालून माझं एक बोट घट्ट धरलं. तोंडानं काही नाही. नुसतं माझ्या डोळ्यांत बघत उभे. मला वाटलं, बिचाऱ्यांना आमच्या दुःखाची कळ आलीय. मला भरून आलं. मीही टॉवेलाखाली त्यांची दोन बोटं धरली आणि प्रेमानं दाबली.

"ठरलं!" आबा ओरडले आणि टॉवेल खांद्यावर टाकला.

"काय ठरलं?"

"दोन मांजरं."

"अहो, मला एकच..."

"मी एक म्हणलो, तुमी दोन बोटं धरली. कापडाखाली सौदा झाला, का मग तोंडानं फिरवायचा न्हाई, पावणं. बाजारात असलं केलं, तर मानसं उभी करणार न्हाईत."

बैलबाजारात भाव असे कापडाखाली, बोटांवर होतात, हे दुकानात बी विकणाऱ्या मला ठाऊक असायला हवं होतं. नव्हतं. बरीच विनवणी केल्यावर आबा एवढ्यावर आले, की दोन मांजरं येतील, पण पारखायला. एक निमगावची, एक घाटघरची. पंधरा-पंधरा दिवस एकेक ठेवायची. जी घराला लागेल ती राहील, दुसरी आबा ठेवतील. "आन लागली का न्हाई, ते मी ठरवणार. तुमी न्हाई."

आधी निमगावची आली. पांढरीशुभ्र, पाठीवर तांबडे डाग, चेहरा पुरणपोळीसारखा गोल. टोपलीतून उतरली ती सरळ आत गेली आणि बायकोच्या मांडीवर चढून झोपली. जणू पत्ता विचारूनच आली होती. मला इतका आनंद झाला, की त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाला कोबीऐवजी फ्लॉवरचं बी दिलं. पंधरा दिवस ती मांडीवरून उतरली नाही. बायकोचा हात तिच्या पाठीवरून फिरत असायचा. शेजारणी यायच्या, म्हणायच्या, "बाई, काय लळा लागलाय." मी प्रत्येकीला माझी कल्पना होती, असं सांगत होतो.

आबा रोज एकदा दारातून डोकावायचे आणि मान हलवून जायचे.

"आता काय झालं, आबा?"

"दोघीबी बसूनच हायेत."

"मग मांजरानं काय पळायचं?"

"लई गोड जनावर हाये. गोड जनावर मानसाजवळ बसतंय ते मानूस जसं बसलंय तसंच बसतंय. तिला उठवायचं काम ह्याचं न्हाई."

मला ते पटलं नाही. पण सौदा म्हणजे सौदा. निमगावची पलीकडे आबांच्या खोलीत गेली आणि आबा स्वतः जीपनं घाटघरला गेले. संध्याकाळी कोंबड्यांच्या डालग्यात घाटघरची घेऊन उतरले. जीपमधली माणसं त्यांच्याआधी उतरून लांब उभी होती. दोघांच्या हातांवर ओरखडे, एकाच्या सदऱ्याची बाही फाटलेली. ड्रायव्हर म्हणाला, "आबा, पुन्हा बिबट्या आणायचा असला तर टेम्पो करा."

डालगं उघडलं. एक राखाडी पट्टा माझ्या दोन पायांमधून गेला आणि माळ्यावर पोचला. दोन दिवस ती खाली आली नाही. खाली ठेवलेल्या दुधाला शिवली नाही. बायको खालून वर बघत बसायची. तिसऱ्या दिवशी ती उठली, आबांच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "ती काही खात नाही."

"तिला दुधाची सवं न्हाई, पोरी. घाटात भातावर वाढल्याली. तांदळाची पेज कर, मीठ टाकून. कोमट."

बायकोनं पेज केली. माळ्याच्या शिडीवर चढून वाटी वर ठेवली. खाली उतरून परत चढून बघितली. संध्याकाळपर्यंत पाच वेळा शिडी चढली-उतरली. मी घरी आलो तेव्हा ती शिडीच्या मधल्या पायरीवर उभी होती आणि माळ्यावरून दोन हिरवे डोळे तिच्याकडे बघत होते. दोघींपैकी कुणीच माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

माझं आणि घाटघरचं मात्र पहिल्यापासून जमलं नाही. माझ्या हेल्मेटमध्ये ती झोपायची. माझ्या उशीवर तिनं एकदा अख्खा उंदीर आणून ठेवला, शेपटी माझ्या कानाशी. आबा म्हणाले, मान दिला. मी म्हणालो, मला मान नको. खरं सांगायचं तर मी तिला घाबरत होतो. आणि माझ्या डोळ्यांपुढून निमगावची ती मांडीवरची झोप हलत नव्हती. निकालाच्या दिवशी आबा दोघींना अंगणात समोरासमोर तपासणार होते. त्या सकाळी मी जे केलं, त्याची मला आजही लाज वाटते. आबा ओढ्याकडे गेल्याचं बघून मी त्यांच्या खोलीत शिरलो, निमगावचीला पोटभर दूध पाजलं, अंगाला चार थेंब खोबरेल चोळलं आणि पांढरेपणा उठून दिसावा म्हणून वरून बायकोची पावडर लावली.

दुपारी आबांनी निमगावचीला हातात घेतलं. पोटाखालून हात फिरवला. थांबले. पाठीवरून हात फिरवला, तो नाकाशी नेला. मग माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत त्यांनी भरलेले दिसावेत म्हणून मीठ चारून पाणी पाजलेले बैल बघितले होते, दात घासून वय चोरलेले बघितले होते, शिंगं रंगवलेले तर रोजचेच. पण पावडर लावलेली मांजर त्यांनी पहिल्यांदाच बघितली असावी.

"शिकल्याली मानसं," एवढंच म्हणाले आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

चार दिवस आबा माझ्याशी बोलले नाहीत. मी गेलो की क्रेटवर तोंड फिरवून बसायचे. निकाल लागला नव्हता, म्हणून घाटघरची आमच्याकडेच राहिली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आलो. तेव्हा बाह्यवळण नव्हतं, पुणे-नाशिकची सगळी वाहनं गावातूनच जायची; तो गोंगाट मागं टाकून मी बोळात वळलो, तर आबा उभे. उभे! क्रेट रिकामं. आणि दारात बायको, केस विसकटलेले, पायात माती, छातीशी घाटघरची घट्ट धरलेली. मांजर तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती.

मी स्कूटर तशीच भिंतीला टेकवली. पण मी तोंड उघडायच्या आत आबाच बोलायला लागले. चार दिवसांचं मौन सोडून, भराभर, कधी नव्हे एवढं.

"मांजार भायेर गेली व्हती, पावणं! पार हायवेपातुर! पोरगी हाका मारत मारत गेली मागनं, धरून आणली. म्या म्हणलं नव्हतं? उठवलं का न्हाई घाटघरनं? आता ही हितंच ऱ्हानार. सौदा पक्का."

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "तांदूळ संपलेत. आणाल का?"

मी पुन्हा स्कूटर काढली आणि तांदूळ आणायला गेलो. पाच किलो सांगायचे ते पंधरा किलो आणले.

पुढं हळूहळू ती माणसांत आली. घाटघरची राहिली. पुढच्या वर्षी मुलगी झाली, तेव्हा घाटघरची पाळण्याखाली झोपायची आणि माझ्यासकट कुणालाही पाळण्याजवळ येताना तपासून सोडायची. आम्ही स्वतःचं घर बांधलं, तिकडंही ती आली. आबांनी ते घर दुपारी येऊन बघितलं, माळा नाही म्हणून नाराज झाले, मग जिन्याखालची जागा बघून म्हणाले, "चालंल." त्यानंतर दीडएक वर्षात ते गेले. जाताना सगळ्या मांजरांची सोय लावून गेले होते. ओतूर न्हाव्याकडे, निमगाव आमच्या मागच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याकडे, जे फारसं उठत नव्हतं. त्या चार खोल्यांच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. कधी तिथून जाताना माझा पाय थोडा अडखळतो. कुणी तरी चाल बघतंय, असं वाटतं आणि मी सरळ चालायचा प्रयत्न करतो.

घाटघरचीच्या त्या संध्याकाळची गोष्ट आमच्या घरात किती वेळा सांगून झाली असेल, त्याला गणती नाही. मीच सांगतो. पावडरीवर सगळे हसतात, मग मी हायवेवर येतो आणि आवाज जरा खाली आणतो. मुलगी लहानपणापासून ऐकतेय. त्या दिवशी पुण्याहून येताना गाडीत, नाकावर पट्टी लावून, मी ती परत पहिल्यापासून सांगितली. घरी जेवायला बसल्यावर मुलगी आईला म्हणाली, "म्हणजे काहीही म्हण, मांजर आणायची कल्पना बाबांचीच. नाही तर तू गेली असतीस मंचरला."

बायकोनं तिच्या पानात भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत मुलीला बसवून मी परत आलो. बायको ओट्याशी घेवड्याच्या शेंगा निवडत होती.

"काय ठरलं शेवटी?"

"पुढच्या रविवारी परत जाऊ म्हणाली. पर्शियन थंड असते म्हणे. सयामी पाठ सोडत नाही. बाबांना बाहेर बसवून ठेव आणि तू एकटीच आत ये, असं दुकानातल्या मुलीनं तिला सांगितलंय."

"हं," ती म्हणाली. दोनचार शेंगा निवडून झाल्या. मग हात न थांबवता म्हणाली, "मी त्या दिवशी मांजर शोधायला नव्हते गेले."

"कुठल्या दिवशी?"

"तुम्ही सांगता त्या दिवशी. मी मंचरला निघाले होते. दोन साड्या पिशवीत घालून. तुम्हाला चिठ्ठी लिहायला बसले होते, पण काय लिहायचं ते सुचेना. आबा दारात बसले होते. त्यांनी नुसते पाय बाजूला घेतले मला जायला. हायवेला पोचले आणि बघते तर घाटघरची मागं. दोनदा हाकललं. गाड्या अशा जोरात चाललेल्या. तिसऱ्यांदा दगड उचलला."

"मारलास?"

"मारला. लागला नाही. ती तिथंच बसली, रस्त्याच्या अगदी कडेला, माझ्याकडे बघत. मी पलीकडं गेले असते तर तीही आली असती. मग उचलली आणि आले माघारी. आबा बोळाच्या तोंडाशी येऊन उभे होते. पिशवी त्यांनी माझ्या हातातून घेतली, आत नेऊन ठेवली आणि बाहेर येतायत तोवर तुम्ही आलात."

मी स्टुलावर बसलो. ओट्यावर शेंगांचा ढीग होता, त्यातली एक उचलली आणि तिच्या शिरा काढायला लागलो. इतकी वर्षं मी जी गोष्ट सांगत होतो, ती आबांनी मला दारात उभ्या उभ्या रचून दिली होती.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही रंगवून सांगता. ऐकायला बरं वाटतं." तिनं माझ्या हातातली शेंग काढून घेतली, मी शिरांबरोबर दाणेही टाकत होतो. "पण काल पोरगी बोलली ते बरोबर नाही. त्या दिवशी मी मांजरामुळं परत आले, ते खरं. पण मंचरची गाडी दुसऱ्या दिवशीही होती. तिसऱ्या दिवशीही होती. मी गेले नाही. ते काही मांजरामुळं नव्हतं आणि तुमच्या कल्पनेमुळं तर नव्हतंच. पुढच्या वेळी सांगाल, तेव्हा तेवढं घाला."